खर्जाला पडदे हवेत का?

१९५१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी, लिओ फेंडरने एक नवे वाद्य बाजारात आणले आणि त्याला नाव दिले 'प्रिसिजन बास'. नावातच जाहिरात होती. तोवर नाचगाण्याच्या बँडमध्ये खर्जाची बाजू सांभाळायचा तो माणसाहून उंच, उभा धरून वाजवायचा डबल बास. त्याच्या दांडीवर कुठेही खूण नसे. बोट कुठे टेकवायचे ते कानाने आणि सवयीने ठरे. फेंडरने आपल्या वाद्याच्या दांडीवर धातूचे वीस पडदे ठोकले. सतारीच्या भाषेत पडदा, गिटारवाल्यांच्या भाषेत फ्रेट. इथे पडदाच म्हणू. पडद्याच्या मागे बोट थोडे पुढेमागे पडले तरी तार टेकणार पडद्यावरच, आणि सूर निघणार तो ठरलेलाच. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा, तो हा. गंमत अशी की वीस वर्षे उलटायच्या आत त्याच कंपनीने पडदे नसलेला प्रिसिजन बास विकायला काढला. १९७० साली आलेल्या त्या वाद्याचे नाव मात्र तेच राहिले. अचूकपणाचे साधनच काढून घेतलेला 'अचूक' बास!

तेव्हापासून बास वाजवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न गाठतोच: पडद्यांचा घ्यावा की बिनपडद्यांचा? दुकानात, क्लासमध्ये, वादकांच्या गप्पांत त्याचे एक ठरीव उत्तर मिळते. पडद्यांचा बास सोपा, म्हणून नवशिक्यांचा. बिनपडद्यांचा अवघड, म्हणून तयारीच्या वादकाचा. हात आणि कान तयार झाले की पडदे सोडायचे, जसे सायकल येऊ लागली की मागची दोन छोटी चाके काढायची. या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे. या दोन वाद्यांतला फरक म्हणजे सुरात वाजण्याची खात्री असणे आणि नसणे, एवढाच आहे असे ते धरून चालते. हे गृहीत चुकीचे आहे असे मला वाटते. सुरेलपणा हा या निवडीतला दुय्यम मुद्दा आहे. खरा प्रश्न असा की तार कशावर टेकते, त्यामुळे सूर जन्मल्यावर त्याचे पुढे काय होते, आणि तुमच्या संगीतात त्या सुराला जगायला किती वेळ मिळतो. सूर आखूड असतील तर पडदे हवेत. लांब असतील, तर पडदे नसण्याला अर्थ आहे.

हा वाद फेंडरच्या कितीतरी आधीचा आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बासरीगुरू योहान योआखिम क्वांट्झ याने १७५२ साली बासरीवादनावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. नाव बासरीचे असले तरी त्यात साथीच्या प्रत्येक वाद्याबद्दल काही ना काही सांगितले आहे, आणि डबल बासबद्दल त्याचे मत स्पष्ट आहे: या वाद्याला पडदे असावेत. त्या काळी डबल बासच्या दांडीला आतड्याच्या दोरीचे पडदे बांधण्याची चाल होती, पण ती मागे पडू लागली होती. क्वांट्झचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. वादक बेसूर होईल म्हणून पडदे हवेत, असे तो म्हणत नाही. त्याचे म्हणणे असे की डबल बासची तार लांब आणि जाड. नुसत्या बोटाने दाबली की कंप पावताना ती लाकडावर आपटते आणि आवाज दबतो. पडद्याने तार उचलून धरली की ती मोकळी वाजते आणि सूर स्वच्छ ऐकू येतो. पडद्यांमुळे बारीक स्वरभेद दाखवता येत नाहीत, या आक्षेपालाही त्याच्याकडे उत्तर आहे: इतक्या खालच्या सुरांत ते भेद फारसे कळतच नाहीत. म्हणजे पडद्याचा कैवार घेणारा हा माणूस सूरशुद्धीचा मुद्दा बाजूला सारतो आणि सगळा भर आवाजाच्या जातीवर देतो. पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्याने प्रश्न जसा मांडला, तशी मांडणी आज दुकानात क्वचितच ऐकू येते.

क्वांट्झचे हे म्हणणे आकड्यांनी तपासता येते. सप्तकाचे १२०० भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत, काळी-पांढरी सगळ्या धरून, १०० सेंटचे अंतर असते. बास गिटारच्या मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. पहिला पडदा वरच्या टोकापासून साधारण ४८ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. आता पडदे नाहीत असे समजा. तिसऱ्या पडद्याच्या जागी टेकवायचे बोट ३ मिलिमीटर चुकले, तर सूर साधारण ७ सेंटने हलतो. हीच ३ मिलिमीटरची चूक व्हायोलिनवर त्याच स्वराला केली तर १९ सेंटच्या आसपास जाते, कारण व्हायोलिनची तार जेमतेम ३२८ मिलिमीटरची. म्हणजे बिनपडद्यांचा बास व्हायोलिनपेक्षा जवळजवळ अडीच पटींनी क्षमाशील आहे, आणि व्हायोलिन तर आठ-दहा वर्षांची मुले शिकतात. बासवर जसजसे घोडीकडे सरकावे तसतसा हा हिशेब कडक होत जातो. बाराव्या पडद्याच्या जागी त्याच ३ मिलिमीटरला १२ सेंट मोजावे लागतात. पण बास वाजवणाऱ्याचा बराचसा संसार दांडीच्या वरच्या अर्ध्या भागातच चालतो. शिवाय पडद्यांचे वाद्य तरी निर्दोष कुठे आहे? समान अंतरांवर बेतलेल्या पडद्यांचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा जवळपास १४ सेंटने चढा असतो. साथीची सगळी वाद्ये त्याच चुकीत सामील असतात म्हणून ती खपते, एवढेच.

सूर चुकला हे कळायलाही वेळ लागतो. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्यात आंदोलने उमटतात. तानपुरा जुळवताना तार मिळत आली की ती हेलकावे खाणारी लाट संथ होत जाते, तीच ही. बासच्या, जाड बाजूने मोजलेल्या, दुसऱ्या तारेचा मोकळा सूर सेकंदाला ५५ कंपनांचा. कीबोर्डवर तोच सूर लावून धरलेला आहे आणि बास त्याच्यापासून १० सेंट सरकला आहे असे धरा. मूळ सुरांमधले आंदोलन तीन सेकंदांत एकदाच होईल. कान ते पकडतो वरच्या उपस्वरांतून, पण चौथ्या उपस्वरातही आंदोलने सेकंदाला सव्वाच्या आसपास. आता मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याचा सूर अर्धा सेकंदच टिकतो. लाटेचा एक हेलकावाही पुरा होत नाही आणि सूर संपून जातो. उलट मिनिटाला ६० ठोक्यांच्या संथ गाण्यात चार ठोके धरलेला सूर चार सेकंद वाजतो, आणि त्यात तो कणसूर असल्याची कबुली चार-पाच वेळा मिळते. कणसूर बास लांब सुरांतच उघडा पडतो. इथे एक पेच आहे, आणि माझ्या मते सगळ्या निवडीची गोम त्यातच आहे: बिनपडद्यांचा बास जिथे सर्वांत सुंदर वाजतो, नेमक्या त्याच जागी तो वादकाची परीक्षा घेतो.

तो लांब सुरांतच सुंदर का वाजतो, याचे कारण तार टेकते त्या जागी आहे. पडद्यांच्या बासमध्ये तार धातूच्या अरुंद कडेवर टेकते. कडा कठीण, स्पर्श अगदी निमुळता. तारेची ऊर्जा तिथे फारशी झिरपत नाही. त्यामुळे छेडल्याबरोबर सूर खणखणीत सुरू होतो, त्यातले वरचे उपस्वर ठसठशीत असतात, आणि मग तो हळूहळू मावळतो. सुराचा सर्वांत तेजस्वी क्षण पहिलाच. बिनपडद्यांच्या बासमध्ये तार टेकते बोटाच्या मऊ पेरावर आणि त्याखालच्या लाकडावर. मांस हे आवाज गिळणारे द्रव्य आहे, आणि बारीक, वरचे उपस्वर ते सर्वांत आधी गिळते. म्हणून सुराची सुरुवात बोथट होते. हा अनुभव आपल्याकडच्या वादकांना नवा नाही. सरोदला पडदे नाहीत. सरोदिया डाव्या हाताने तार दाबतो ती बहुधा नखाच्या कडेने, आणि खाली असते पोलादाची गुळगुळीत पट्टी. नख आणि पोलाद, दोन्ही कठीण. ही सगळी उठाठेव आस टिकवण्यासाठी. नखे झिजतात, दुखतात, तरी सरोदिये ती सांभाळतात, कारण पेराने दाबलेली तार लवकर मुकी होते. जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने आपल्या १९६२ सालच्या फेंडर जॅझ बासचे पडदे नाहीसे झाल्यावर त्या खाचा बुजवून वरून होड्यांसाठी वापरायच्या इपॉक्सीचा कडक थर चढवला, त्यामागेही हेच गणित होते. खरखरीत तारांनी लाकूड झिजू नये हा एक हेतू. आणि कठीण पृष्ठभागामुळे आवाजाला परत मिळालेली धार, हा मोठा फायदा.

पण फक्त बोथट सुरुवात आणि लवकर विरणे एवढेच पदरी पडत असते, तर पडदे काढायची हौस कुणाला झाली असती? सूर सुरू झाल्यानंतर त्याला काहीतरी होते. इंग्रजीत वादक त्याला तोंडानेच 'म्वा' म्हणतात, आणि तो उच्चार आपल्यालाही चालेल, कारण तो शब्द नसून त्या आवाजाची नक्कलच आहे. बोटाच्या पुढे तार लाकडापासून अगदी थोडी वर असते. कंप पावताना ती लाकडाला हलकेच चाटत जाते. त्या स्पर्शाने तारेची ऊर्जा खालच्या उपस्वरांतून वरच्यांत वाटली जाते, आणि हे वाटप तार शांत होत जाईल तसतसे बदलत राहते. सूर मंद सुरू होतो, मग मध्येच उमलतो, बोलल्यासारखा होतो, मग मिटतो. मराठी वाचकाला याची ओळख करून द्यायची तर जवारी हा एकच शब्द पुरे. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला चाटत कंप पावते, आणि त्यातून तो झणत्कार उठतो. मिरजेचे कारागीर जवारी काढताना कानसेच्या एकेका हाताने जे साधतात, ते बिनपडद्यांच्या बासवर अख्ख्या दांडीच्या पृष्ठभागावर, बोट जाईल तिथे घडत असते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याहून तानपुरा आणि वीणेच्या घोड्यांवर लिहिलेल्या टिपणात दाखवले की या चाटत्या स्पर्शामुळे तारेतून असे उपस्वर निघतात जे साध्या घोडीवर निघायला नकोत. फरक एवढा की तानपुऱ्यात जवारी घोडीच्या टोकाला असते आणि बासमध्ये बोटाच्या टोकाला.

आता वेळेचा मुद्दा पुन्हा घ्या. हे उमलणे तत्काळ होत नाही. छेडल्याच्या क्षणी सूर दबका असतो आणि काही क्षणांनी तो खुलतो. अर्ध्या ठोक्यात सूर तोडायचा असेल, तर वादकाच्या हाती फक्त बोथट सुरुवात उरते आणि फूल कळीतच खुडले जाते. फंकमध्ये अंगठ्याने तार ठोकून वाजवायची जी रीत लॅरी ग्रॅहमने रूढ केली, तिचा सगळा प्राण तार पडद्यांवर आपटून होणाऱ्या धातूच्या आवाजात आहे. पडदे काढले की तिच्यात उरते ते थपथपणे. उलट १९८३ साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेले पॉल यंगचे 'व्हेअरेव्हर आय ले माय हॅट' ऐका. गाणे सुरू होते तेच वेल्सच्या पिनो पॅलाडिनोच्या बिनपडद्यांच्या बासने. गाण्याची चाल संथ, सूर लांब, आणि प्रत्येक सुराला उमलायला जागा. जोनी मिचेलच्या १९७६ सालच्या 'हेजिरा' या अल्बममध्ये जॅको चार गाण्यांत वाजवतो. तिथे वाद्यमेळ विरळ आहे, बासच्या आसपास मोकळे आकाश आहे, आणि बास साथ करायचे सोडून दुसऱ्या गायकासारखा बोलू लागतो. ऐंशीच्या दशकातल्या संथ गाण्यांत हा आवाज इतका बोकाळला याला आणखी एक कारण असावे. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची, आणि घरातल्या लहान स्पीकरला तो खालचा सूर झेपतच नाही. कान वरच्या उपस्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो. म्वा हा नेमका त्या मधल्या उपस्वरांचाच खेळ असल्याने तो छोट्या रेडिओतूनही ओळखू येतो.

यावर जाणकार वाचक लगेच बोट ठेवेल: मग जॅकोचे 'डॉना ली' कुठे बसवायचे? १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमची सुरुवातच त्या द्रुत बीबॉप चालीने होते. बिनपडद्यांच्या बासवर आखूड स्वरांचा धबधबा, एकाही स्वराला थांबायला उसंत नाही, आणि तरी तो तुकडा या वाद्याचा कळस मानला जातो. आक्षेप वजनदार आहे. पण त्या ध्वनिमुद्रणात बासच्या सोबतीला कोण आहे ते पाहावे. फक्त डॉन अलायसचे कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे ढोल. पियानो नाही, गिटार नाही, कुणी सुरांचा शेजारी नाही. कडक स्पर्शाने झाकून टाकेल किंवा एखाद्या धरलेल्या सुराशी भांडेल असे तिथे काही नाही. बोथट सुरुवातीचे स्वरही त्या मोकळ्या जागेत स्पष्ट ऐकू येतात. त्यात पुन्हा इपॉक्सीचा थर, खणखणीत गोल वेटोळ्यांच्या तारा आणि घोडीजवळ छेडायची त्याची सवय. पडद्यांशिवाय पडद्यांची धार मिळवण्यासाठी जे काही करता येईल ते सारे त्याने केले होते. म्हणून 'डॉना ली' माझ्या म्हणण्याला खोडून काढत नाही. फक्त त्यात एक पोटकलम जोडायला लावतो. सूर किती लांब, या प्रश्नाबरोबरच हेही विचारले पाहिजे की शेजारी कोण आहे. दोन विकृत आवाजाच्या गिटारी आणि भरगच्च ड्रम यांच्या मध्ये उभा असलेला बासवादक पडदे काढून बसला, तर त्याचे उमलणे तो स्वतः सोडून कुणाला ऐकू येणार? पॉल सायमनच्या १९८६ च्या 'ग्रेसलँड' या अल्बममध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाकिथी कुमालोने वाजवलेली ती प्रसिद्ध झपाट्याची ओळ आठवावी: तिच्यासाठी बाकीचा वाद्यमेळ चक्क थांबतो.

दुसरा आक्षेप मींडेचा. अनेकांना वाटते की पडदे काढायचे ते मींड घेण्यासाठी, आणि मग पडद्यांवरही बोट घसरवता येतेच की. येते, पण पडद्यांवरची घसर ही जिन्यावरची उतरण असते. प्रत्येक अर्ध्या स्वराची पायरी कानाला लागते. बिनपडद्यांवर ती घसरगुंडी होते. मात्र नुसत्या मींडेसाठी पडदे काढायची गरज नाही याचा सर्वांत मोठा साक्षीदार सतार आहे. सतारीला पडदे आहेत आणि मींड तिचा आत्मा आहे. तार पडद्यावरच आडवी ओढून चार-पाच स्वर चढता येते. बासच्या तारा जाड आणि ताणलेल्या, त्यामुळे तिथे इतकी ओढ जमत नाही, आणि ओढलेली तार फक्त वरच जाते, आधी ओढून धरल्याशिवाय खाली येत नाही. आंदोलनाचे, म्हणजे सूर डुलवण्याचेही तेच. पडद्यांवर बोट हलवले की सूर मूळ जागेच्या वरच्या बाजूलाच डुलतो. बिनपडद्यांवर बोट पुढेमागे लोळवले की तो दोन्ही बाजूंना डुलतो, गळ्यासारखा. हा फरक खरा आहे आणि मोलाचा आहे. पण आंदोलन असो की मींड, दोन्हींना वेळ लागतो. ज्या सुराला ठोकाभरही थांबायचे नाही त्याला डुलवणार कसे? म्हणजे हाही मुद्दा फिरून लांबीपाशीच येतो. आणि सरोद सतारीपेक्षा वरच्या इयत्तेतला, सतारीत पास झालेल्यांसाठी, असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. ती दोन वाद्ये आहेत. बासच्या बाबतीत मात्र ही शिडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे.

शुद्ध स्वरांचे भोक्ते तिसरीच बाजू लावून धरतात: पडदे म्हणजे समान अंतरांची कैद, आणि बिनपडद्यांवर खरा गंधार लावता येतो. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हा तिच्या ठरीव पट्ट्या आणि मींडेचा अभाव हेच गुन्हे नोंदवले गेले होते. इकडे महाराष्ट्रात नाट्यसंगीताने त्याच पेटीला गोविंदराव टेंब्यांच्या हातून केवढे तरी गायला लावले होते. बासला हा शुद्धतेचा आग्रह लावणे मला व्यवहाराला धरून वाटत नाही. वर कीबोर्ड आणि गिटार समान अंतरांचे स्वर वाजवत असतील, तर खालून बासने १४ सेंट उतरलेला नैसर्गिक गंधार लावून काय साधणार? तो बरोबर असून बेसूर ठरेल. साथीला गळा, सारंगी, व्हायोलिन असे हलते सूर असतील, किंवा तानपुऱ्यासमोर राग मांडायचा असेल, तेव्हा मात्र या स्वातंत्र्याला किंमत येते. आणि तिथे सूर बहुधा लांबच असतात.

राहिला शिक्षकांचा लाडका सल्ला: बिनपडद्यांवर सुरुवात करा, कान तयार होतो. कान तयार व्हायला हवा याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी खर्ज ही सर्वांत वाईट शाळा आहे. क्वांट्झने सांगितलेलेच कारण इथे लागू पडते: इतक्या खाली कणसुराची जाणीव मंद असते, आणि जी चूक ऐकूच येत नाही तिच्यातून शिकायचे काय? कान तयार करायचा तर तानपुऱ्यासमोर गळ्याने सूर लावावा. बास नव्याने शिकणाऱ्याची पहिली अडचण वेगळीच असते. ठोक्यावर सूर सुरू करणे, वेळेवर तो तोडणे आणि ज्या तारा वाजायच्या नाहीत त्यांना गप्प ठेवणे, यातच त्याचे वर्षभर जाते. सुराची खणखणीत सुरुवात करणारे पडदे ही चूक लगेच ऐकवतात; बोथट सुरुवात ती झाकून टाकते. व्हायोलिन किंवा सरोद वाजवणारा बासकडे वळला, तर त्याने थेट बिनपडद्यांचा घ्यायला काहीच हरकत नाही. कान आणि जागा शोधणारे बोट तो सोबत घेऊनच येतो.

निवड झाल्यावरच्या व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. बिनपडद्यांच्या दांडीवर पडद्यांच्या जागी बारीक रेघा आखलेल्या मिळतात. त्या घेणे म्हणजे फसवणूक, असे काही शुद्धतावादी म्हणतात. जॅकोच्या बासवर बुजवलेल्या खाचांच्या रेघा ढळढळीत दिसत, तेव्हा त्यावर लाजायचे कारण नाही. रेघेचा उपयोग एवढाच की बोट तिच्या मागे न ठेवता बरोबर तिच्यावर टेकवायचे. रेघा नसतील तर दांडीच्या कडेवरचे ठिपके नीट पाहावेत: पडद्यांच्या बासवर ते दोन पडद्यांच्या मध्ये असतात, बिनपडद्यांच्या बऱ्याच वाद्यांवर नेमक्या स्वराच्या जागी, आणि दोन्ही वाद्ये आळीपाळीने वाजवणारा इथे हमखास ठेचकाळतो. म्वा हवा असेल तर दांडी जवळजवळ सरळ आणि तारा खाली लागतात. उंच तारांच्या बिनपडद्यांच्या बासमध्ये दोन्हींचे तोटे एकत्र येतात. तारा सपाट वेटोळ्यांच्या घेतल्या तर लाकूड वाचते पण धार आणखी कमी होते. जुन्या बासचे पडदे हौसेने उपटण्याआधी विचार करावा. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने १९६१ साली एका स्वस्त बासचे पडदे काढले ते नवे बसवायच्या इराद्याने, आणि तसाच आवडला म्हणून ठेवला. ते वाद्य स्वस्त होते, हे त्या गोष्टीतले महत्त्वाचे कलम. दांडी चार स्क्रूंनी बसवलेली असेल, तर त्याच अंगाला दुसरी, बिनपडद्यांची दांडी बसवून पाहता येते. जमले नाही तर पहिली दांडी आहेच.

पिनो पॅलाडिनोचे पुढे काय झाले, ते इथे नोंदवण्यासारखे आहे. ऐंशीच्या दशकात बिनपडद्यांचा बास म्हणजे पॅलाडिनो, अशी त्याची ओळख झाली होती. २००० साली डी'अँजेलोचा 'व्हूडू' हा अल्बम आला. त्यातली लय ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळणारी, बासचे सूर आखूड आणि जाड, एकेक सूर वाजून लगेच गप्प होणारा. त्यासाठी पॅलाडिनोने हाती घेतला जुना, पडद्यांचा, सपाट तारांचा प्रिसिजन बास. वयाची चाळिशी पार केलेला, कान आणि हात पुरते तयार असलेला हा वादक त्या शिडीवरून खाली उतरला, असे त्याच्याबद्दल कुणी म्हटलेले नाही.